भंगारातून घडलेला कॅमेरा

जुनं यंत्र विकत घ्यायचं, ते पूर्ण उलगडायचं, त्यातलं झिजलेलं काढून टाकायचं, लागेल तो भाग आपल्या हातानं घडवायचा आणि ते यंत्र ज्या कामासाठी जन्मालाच आलं नव्हतं त्या कामाला जुंपायचं, हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा, कुठल्याही गावात जा. बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर वेल्डिंगची दुकानं दिसतील. दुकानापुढे भंगारात निघालेल्या जीपचा गिअरबॉक्स पडलेला असतो, जुन्या कूलरच्या मोटारी असतात, कुणाच्या तरी मोटारसायकलच्या मागे लोखंडी चौकट बसवून तिला डवऱ्याची पाती जोडणं चाललेलं असतं. मोटारसायकल बनवणाऱ्या कारखान्याच्या स्वप्नातही हा डवरा आला नसेल. आपल्या मिस्त्रीच्या डोक्यात मात्र तो येतो आणि पेरणीनंतरच्या महिन्यात शेतात चालूही लागतो.

या मिस्त्रीला आपण कामापुरतं ओळखतो. त्याच्या हुन्नराला हसून जुगाड म्हणतो आणि पुढे जातो. पण मराठी माणसाच्या इतिहासात या मिस्त्रीचा एक थोर पूर्वज होऊन गेला आहे. आडनावानंही तो मिस्त्रीच होता. जग त्याला बाबूराव पेंटर या नावानं ओळखतं. त्यांच्या चित्रपटांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला आज लिहायचं आहे ते त्यांच्या कॅमेऱ्याविषयी, आणि तो कॅमेरा पुरा होण्यासाठी कोण कोण लागलं त्याविषयी. हे आत्ताच आठवण्याचं कारण कोल्हापुरात नाही, आमच्या यवतमाळ जिल्ह्यात आहे. त्याकडे ओघानं येईनच.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० चा, कोल्हापूरचा. वडील कृष्णराव मिस्त्री सुतारकाम, लोहारकाम जाणणारे आणि चित्र-मूर्तींतही हात असलेले. अशा घरात मुलाच्या हाती पाटी-पेन्सिलीच्या बरोबरीनं पटाशी आणि हातोडी येते. लाकडाचा रेषेपुढे गेलेला एक केस रंधा मारून काढायचा, लोखंड लाल झालं की नेमक्या क्षणी घाव घालायचा, ही शिकवण पुस्तकातून मिळत नाही. बाबूरावांनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नाही. त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव हेही तसेच, हातातच विद्या असलेले. दोघांची जोडी जमली ती पडदे रंगवण्यात.

तो काळ संगीत नाटकांच्या भरभराटीचा होता. नाटक मंडळ्यांना राजवाड्याचे, अरण्याचे, रस्त्याचे भव्य पडदे लागत. १९१० ते १९१६ या वर्षांत आनंदराव आणि बाबूराव यांनी मराठी मंडळ्यांसाठी आणि गुजराती-पारशी कंपन्यांसाठी असे पडदे रंगवले. पेंटर हे नाव त्यांना मिळालं ते या कामातून. पडदा रंगवणाऱ्याला एक गोष्ट उमजलेली असते. सपाट कापडावर खोली दाखवायची तर उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते याचा हिशेब चोख पाहिजे. पुढे हाच हिशेब बाबूरावांच्या कामी आला.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. देवादिकांची गोष्ट, आपली माणसं, आपली वस्त्रं, आणि चित्रं हलत होती. कोल्हापूरच्या या दोन पेंटरांना त्या चित्रपटानं पुरतं झपाटलं. पण फाळक्यांच्या वाटेनं जाणं त्यांना शक्य नव्हतं. फाळके १९१२ साली लंडनला गेले होते. तिथून त्यांनी विल्यमसनचा कॅमेरा आणला, फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र आणलं. त्यासाठी त्यांनाही कर्ज काढावं लागलं, विमा गहाण टाकावा लागला. त्यांचा त्याग लहान नव्हता. तरी त्यांच्या हाती आलं ते कोरं, चालू यंत्र होतं. कोल्हापूरच्या पेंटरांपाशी लंडनला जाण्याचे पैसे नव्हते आणि तिथे बोलायला लागणारी भाषाही नव्हती. ते मुंबईच्या चोरबाजारात गेले आणि तिथून एक जुना प्रोजेक्टर घेऊन कोल्हापूरला परतले.

त्या प्रोजेक्टरवर त्यांनी दोन कामं केली. पहिलं पोटाचं. ‘डेक्कन सिनेमा’ या नावानं ते कोल्हापुरात चित्रपट दाखवू लागले. दुसरं विद्येचं. रात्री जे यंत्र लोकांना चित्रं दाखवी, त्याचंच निरीक्षण करून ते चित्र मुळात कसं पकडलं जात असेल याचा शोध ते घेऊ लागले. दाखवणाऱ्या यंत्रावरून टिपणारं यंत्र घडवायचं, असा हा उलटा प्रवास होता.

तत्त्वतः हा प्रवास अशक्य नाही. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी १८९५ साली जे यंत्र जगापुढे आणलं, तेच चित्रं टिपायचं, तेच दाखवायचं. प्रोजेक्टरमध्ये दिवा आत असतो, त्याचा उजेड फिल्ममधून आणि भिंगातून बाहेर पडद्यावर जातो. कॅमेऱ्यात बाहेरचा उजेड भिंगातून आत येतो आणि फिल्मवर उमटतो. वाट तीच, दिशा उलटी. कागदावर इतकं सोपं. हाताला मात्र ते सोपं जात नाही.

फिल्मची पट्टी ३५ मिलिमीटर रुंदीची. तिच्या दोन्ही कडांना भोकं, एका चौकटीला एका बाजूची ४. एका फुटात १६ चौकटी. मूकपटाच्या त्या काळात साधारण सेकंदाला १६ चौकटी टिपल्या जात, म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म सरके. पण ती संथ वाहून चालत नाही. एक चौकट भिंगासमोर यायची, क्षणभर अगदी स्तब्ध उभी राहायची, तेवढ्यात झडप उघडून मिटायची, आणि झडप मिटलेली असतानाच पुढची चौकट त्याच जागी यायची. असं सेकंदाला १६ वेळा. हँडल फिरवणारा हात गोल फिरत असतो आणि त्या गोल गतीतून ही थांबत-सरकत जाणारी चाल काढायची असते. त्यासाठी आत दात्यांची चक्रं, फिल्मला भोकात धरून ओढणारी नखं किंवा फुलीच्या आकाराचं चाक असतं. यातला एक दाता केसभर कमीजास्त झाला तर पडद्यावर अख्खा राजवाडा थरथरतो.

प्रोजेक्टरात अशी थोडी थरथर प्रेक्षक सोसतो. कॅमेऱ्यात ती सोसवत नाही, कारण तिथली चूक फिल्मवर कायमची छापली जाते. शिवाय कॅमेऱ्याची पेटी पूर्ण काळोखी हवी. सांध्यातून सुईएवढा उजेड आत शिरला तरी दिवसभराची मेहनत धुरकट होऊन बाहेर येते. फिल्म ठेवायच्या डब्या, तिचा मार्ग, भिंग मागेपुढे करण्याची सोय, सगळं नव्यानं घडवायचं. आणि एवढं करून यंत्र नीट चाललं की नाही हे पाहायचं तर फिल्म खर्ची घालायची, ती धुवायची, छापायची आणि मग पडद्यावर लावायची. कोरी फिल्म परदेशातून येई आणि फूट मोजून पैसे पडत. थोडक्यात, प्रत्येक चुकीला भाव होता.

हे काम प्रामुख्यानं आनंदराव करत होते. ते करता करताच १९१६ साली आनंदराव गेले. कॅमेरा अर्धवट राहिला.

चरित्रं लिहिणारे या ठिकाणी फार थांबत नाहीत. एक वाक्य लिहून पुढे जातात, कारण पुढे यश आहे. मला मात्र इथे थांबावंसं वाटतं. अर्धवट राहिलेलं यंत्र ही फार वाईट वस्तू असते. ते चालत नाही म्हणून कामाचं नाही, आणि त्यात गेलेल्या माणसाचे हात आहेत म्हणून भंगारात देववत नाही. कोणता स्क्रू कशासाठी, कोणतं चाक का घासून लहान केलं, याचं निम्मं ज्ञान करणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि ते त्याच्याबरोबर जातं. अशी कितीतरी यंत्रं गावोगावच्या गोठ्यांत आणि माळ्यांवर धूळ खात पडलेली आहेत.

बाबूरावांचा कॅमेरा त्या वाटेनं गेला नाही, याला पहिलं कारण म्हणजे ते एकटे नव्हते. विष्णुपंत दामले नावाचा १८९२ साली जन्मलेला तरुण त्यांच्या हाताखाली होता. पडदे रंगवायला आलेला, पण यंत्राची उपजत जाण असलेला. गुरुशिष्यांनी मिळून आनंदरावांचं काम पुन्हा हाती घेतलं. कोल्हापूरही त्यांच्या बाजूचं होतं. शाहू छत्रपतींचं ते संस्थान. नाटक, गाणं, कुस्ती यांना तिथे आश्रय होता तसा कारागिरालाही होता. ओतकाम करणारा, लेथवर बसणारा, पितळेला आकार देणारा माणूस हाकेवर मिळे, आणि एका कारागिरानं दुसऱ्याकडे चाक कापून मागणं ही रोजची गोष्ट होती. १९१८ साली कॅमेरा चालू झाला. परदेशी कारखान्याचा शिक्का नसलेला, चोरबाजारातल्या यंत्रावरून शिकून कोल्हापुरात घडवलेला कॅमेरा.

आता पैशाचा प्रश्न. इथे माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो. मी आयुष्याची पस्तीसेक वर्षं कर्जाचे अर्ज वाचण्यात घालवली. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे दिवस होते तेव्हा वेल्डिंग मशीनसाठी, लेथसाठी, पिठाच्या गिरणीसाठी कर्जं दिली जात. अर्जाला किंमतपत्रक जोडावं लागे. यंत्र कोणत्या कंपनीचं, किंमत किती, महिन्याला मिळकत किती, हप्ता किती, तारण काय, जामीन कोण. ही पद्धत वाईट नव्हती. लोकांच्या ठेवी सांभाळायच्या तर असे प्रश्न विचारावेच लागतात. पण त्या अर्जात एक रकाना कधीच नव्हता. जे यंत्र अजून अस्तित्वातच नाही, जे अर्जदार स्वतः घडवणार आहे आणि जे कदाचित चालणारही नाही, त्याचं किंमतपत्रक कुठून आणायचं? प्रयोगाला कर्ज द्यायची सोय त्या कागदात नव्हती. तयार यंत्र विकत घेणाऱ्याला दार उघडं आणि यंत्र घडवणाऱ्याला बंद, असा तो व्यवहार होता.

बाबूरावांच्या मदतीला आल्या तानीबाई कागलकर. त्या नामवंत गायिका, कलेच्या जाणकार. त्यांनी बाबूरावांना चित्रपटासाठी भांडवल दिलं. त्या पैशाला तारण काय होतं याचा विचार मी अनेकदा करतो. एक घरगुती कॅमेरा, ज्यावर अजून एकही पूर्ण चित्रपट झालेला नाही. एक पेंटर, ज्यानं कधी सिनेमा केलेला नाही. आणि असा धंदा, जो देशात येऊन पुरती दहा वर्षंही झालेली नाहीत. कुठल्याही हिशेबी माणसानं हा अर्ज परत पाठवला असता. पण गाण्यातल्या माणसाला रियाज म्हणजे काय हे ठाऊक असतं. जे आज लागत नाही ते उद्या लागेल या भरवशावर वर्षानुवर्षं बसण्याची तिला सवय असते. तानीबाईंनी बहुधा कॅमेऱ्याकडे पाहिलंच नसावं, तो घडवणाऱ्या माणसाचा रियाज पाहिला असावा. मराठी चित्रपटाच्या इतिहासात त्यांचं नाव दिग्दर्शकांच्या बरोबरीनं घ्यायला हवं.

अशी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. दामल्यांच्या जोडीला शेख फत्तेलाल होते, चित्रकलेत तरबेज. मिस्त्रीचा मुलगा, दामले आणि फत्तेलाल, तिघे एका छपराखाली रंग कालवत, लाकूड तासत, यंत्र पुसत. तिथे सगळ्यांना सगळं करावं लागे. पुढे याच कंपनीत शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगेलासा मुलगा पडेल ते काम करायला आला. त्याला आपण व्ही. शांताराम म्हणतो.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. द्रौपदीच्या अज्ञातवासाची आणि कीचकवधाची गोष्ट. तोवर चित्रपटात स्त्रियांची कामं बहुतेक पुरुष करत. बाबूरावांनी स्त्रियांना पडद्यावर आणलं. रंगवलेल्या पडद्यांवर हयात घालवलेल्या या माणसानं चित्रपटात मात्र पडदे बाजूला ठेवून लाकूड-प्लॅस्टरचे उभे देखावे बांधले, कारण कॅमेऱ्याच्या डोळ्याला सपाट कापड फसवत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. भीमानं केलेला कीचकाचा वध इतका खरा वाटला, की सेन्सॉरनं त्या दृश्यावर कात्री चालवायला लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. टिळकांचं ते अखेरचं वर्ष होतं.

पुढची काही वर्षं कंपनीच्या वैभवाची. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून १९२३ साली ‘सिंहगड’ आला. तानाजीची लढाई रात्रीची, आणि कॅमेरा सूर्यावर अवलंबून. बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा वापर करून ती अडचण सोडवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’साठी त्यांनी रंगवलेलं भित्तिचित्र आज भारतीय चित्रपटाच्या जाहिरातकलेतला आद्य नमुना म्हणून दाखवलं जातं. पडदे रंगवणाऱ्याचा हात असा चौकाचौकात पोचला.

मात्र माझ्या दृष्टीनं त्या कॅमेऱ्यातून सुरू झालेल्या वाटचालीचं खरं सार्थक झालं ते १९२५ साली, ‘सावकारी पाश’ या चित्रपटात. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा हा चित्रपट. एक शेतकरी सावकाराच्या कर्जात सापडतो, त्याची जमीन जाते आणि तो गाव सोडून शहरात गिरणीकामगार होतो. शेतकऱ्याचं काम तरुण शांतारामांनी केलं. ना देव, ना राजे, ना चमत्कार. पुराणांत आणि इतिहासात रमलेल्या सिनेमानं प्रथमच शेजारच्या झोपडीत डोकावून पाहिलं. प्रेक्षकांना ते फारसं रुचलं नाही, धंदाही बेताचाच झाला. पण आज भारतातल्या वास्तववादी चित्रपटाचा उगम शोधताना जाणकार ‘सावकारी पाश’पाशी येऊन थांबतात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला हा चित्रपट इतिहास म्हणून बघता येत नाही. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं १९ मार्च १९८६ रोजी बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्यानंतरच्या वर्षांत कापसाच्या या मुलखात काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. दरवर्षी १९ मार्चला त्या कुटुंबाच्या आठवणीत लोक अन्नत्याग करतात. बाबूरावांनी जे १९२५ साली दाखवलं ते शंभर वर्षांनंतरही आमच्याकडे जुनं झालेलं नाही. मला असं वाटतं, की ज्यानं आपलं यंत्र आपल्या हातानं, उसनवारीवर, पुन्हा पुन्हा अपयश पचवून घडवलं, त्यालाच तो डोळा कर्जात बुडालेल्या माणसाकडे वळवण्याचं सुचलं, हा योगायोग नसावा. ऋण म्हणजे काय हे बाबूरावांना पुस्तकातून शिकायला नको होतं.

यानंतरचा भाग थोडक्यात सांगतो. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर कंपनीतून बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी त्यांना मिळाले आणि १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. पुढे तिनं पुण्यात काय इतिहास घडवला ते सांगायला नको. दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’नं व्हेनिसपर्यंत मजल मारली. महाराष्ट्र फिल्म कंपनी मात्र लवकरच बंद पडली. बोलपट आले. बाबूरावांनी १९३६ साली ‘सावकारी पाश’ पुन्हा, बोलका करून काढला, १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ला हात लावला, पण मूकपटाचे दिवस परत आले नाहीत. त्यांचं मन चित्रांत आणि मूर्तींत रमलं. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात ते वारले. त्यांच्या मूकपटांतलं बहुतेक सगळं काळानं नेलं. त्या काळची फिल्म चटकन पेट घेणारी आणि वर्षागणिक आपोआप कुजणारी. ती सांभाळायला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं ते १९६४ साली. ‘सैरंध्री’ आपण पाहू शकत नाही, पहिला ‘सावकारी पाश’ही नाही.

शिष्य सोडून गेले याबद्दल हळहळणारे अनेक आहेत. मी तिकडे निराळ्या नजरेनं पाहतो. चोरबाजारातून एक जुनं यंत्र आणलं, ते उलगडलं, त्याचा कॅमेरा केला. त्या कॅमेऱ्याभोवती एक कंपनी झाली. त्या कंपनीत हात तयार झाले आणि त्या हातांनी प्रभात उभी केली. यंत्रापेक्षा मोठी गोष्ट घडली ती ही, की आनंदरावांच्या डोक्यातलं ज्ञान त्यांच्याबरोबर गेलं नाही. ते बाबूरावांकडे आलं, दामल्यांकडे गेलं आणि पुढे वाहत राहिलं.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. फुलसावंगी हे गावही महागाव तालुक्यातलंच. तिथे वेल्डिंगचं, पत्र्याची कपाटं-कूलर बनवण्याचं काम करणारा एक तरुण होता, पंचविशीच्या आतबाहेरचा. शाळा फार शिकलेला नव्हता. त्यानं एक हेलिकॉप्टर बनवायला घेतलं. मोबाइलवरची चित्रं पाहून, पत्रा कापून, सांगाडा जोडून, जुन्या मारुती ८०० चं इंजिन बसवून, जवळजवळ दोन वर्षं खपून एका माणसाचं हेलिकॉप्टर त्यानं उभं केलं. येत्या स्वातंत्र्यदिनी ते लोकांना दाखवायचा त्याचा बेत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये एका रात्री तो त्याची चाचणी घेत असताना मागचा पंखा तुटला, तो वरच्या पंख्यावर आदळला आणि त्या पात्याच्या घावानं तो गेला.

दोन दिवस वर्तमानपत्रांत त्याचं नाव होतं. कुणी कौतुक केलं, कुणी वेडं धाडस म्हटलं. दोन्ही खरं असेल. पण बाबूरावांचं चरित्र शेजारी ठेवून पाहिलं की तिसरीच गोष्ट दिसते. त्या मुलाच्या हातात आणि १९१६ सालच्या त्या दोन पेंटरांच्या हातात फार अंतर नव्हतं. चोरबाजारातला प्रोजेक्टर आणि भंगारातली मारुती यांच्यातही नव्हतं. कॅमेरा चुकला तर फिल्म वाया जाते, हेलिकॉप्टर चुकलं तर माणूस जातो, हा फरक मोठाच आहे. म्हणूनच त्याला सोबतीची गरज बाबूरावांपेक्षा अधिक होती. बाबूरावांपाशी दामले होते, फत्तेलाल होते, तानीबाई होत्या, कारागिरांचं अख्खं गाव होतं. फुलसावंगीच्या मुलापाशी घरचं दुकान होतं, मित्र होते आणि मोबाइलचा पडदा होता. पात्याचा धातू तपासून पाहणारा, आधी इंजिन जमिनीला घट्ट बांधून दुरून चालवून बघ असं सांगणारा, पंखा फिरताना आत बसू नकोस म्हणून दंडाला धरून बाजूला करणारा जाणता माणूस त्याच्या शेजारी नव्हता. वास्तविक यवतमाळात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तालुक्यातालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. लेथ आहेत, मोजमापाची साधनं आहेत, शिकवणारे आहेत. पण वेल्डिंगच्या दुकानापासून त्या फाटकापर्यंत जाणारा रस्ता कुणी आखलेला नाही, आणि दुकानातला मुलगा आपण होऊन त्या फाटकातून आत जायला धजत नाही.

जुन्या यंत्रातून नवं घडवणाऱ्या हातांची आपल्याकडे कधी वाण पडली नाही, आजही नाही. वाण पडली ती त्या हातांशेजारी बसणाऱ्यांची. प्रत्येक तालुक्याच्या प्रशिक्षण संस्थेनं आठवड्यातून एक संध्याकाळ आपली कार्यशाळा गावच्या मिस्त्रींना उघडी ठेवली, तर काय बिघडेल? चार लेथ थोडे अधिक झिजतील. बँकांच्या अर्जात प्रयोगाचा एक छोटा रकाना आला, तर चार रकमा बुडतीलही. तानीबाईंचीही बुडू शकली असती.

कोल्हापुरात त्या पहिल्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून कॅमेऱ्याच्या आकाराचा स्तंभ उभारलेला आहे. चित्रपटातली माणसं तिथे जाऊन फुलं वाहतात. तिथे माथा टेकताना बाबूरावांच्या बरोबरीनं आनंदरावांचीही आठवण ठेवावी. त्यांना कॅमेरा पुरा झालेला पाहता आला नाही, पण त्यांच्या माघारी तो पुरा करणारे होते.